काळजी दगडाने करावी!

२०२९ चा एप्रिल जवळ येऊ लागला की "पृथ्वीवर दगड आदळणार" छापाचे फॉरवर्ड येऊ लागतील, हे मी आत्ताच लिहून ठेवतो. आमच्या नात्यातल्या ग्रुपवर तर नक्कीच!

तर मंडळी, हा दगड म्हणजे अपोफिस, साधारण साडेतीनशे मीटरचा लघुग्रह. १३ एप्रिल २०२९ ला (आपल्याकडे १४ ची पहाट) तो जमिनीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल. टीव्हीचे उपग्रहसुद्धा याहून लांब असतात. पण पुढची निदान शंभर वर्षं तो आदळणार नाही, असं नासाने २०२१ सालीच सांगितलंय.

माझं म्हणणं असं, की या भेटीत काळजी करायचीच तर ती त्या दगडाने करावी.

दगड झिजतो, बदलतो हे आम्हा नगरकरांना (आता अहिल्यानगरकरांना) वेगळं सांगायला नको. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पाण्याने गोटे घुमवून घुमवून काळ्या पाषाणात रांजणखळगे कोरलेत. लघुग्रहावर ना पाणी, ना वारा. तिथे सौरवाऱ्याचा आणि बारीक धुळीचा मारा चालतो. त्याने वरच्या कणांवर लोखंडाचे अतिसूक्ष्म कण साचतात आणि कित्येक दगडी लघुग्रह काळपट-तांबूस दिसू लागतात. आपल्या काटोलला २२ मे २०१२ रोजी पडली तशा उल्का मात्र आतून फिकट निघतात, कारण वरची साल वातावरणातच जळून जाते. रंग जुळत नाही, मग या उल्का येतात कुठून? हे कोडं बरीच वर्षं होतं. जपानच्या हायाबुसा यानाने २०१० साली इटोकावा लघुग्रहावरून आणलेल्या कणांनी ते सोडवलं.

पण काही लघुग्रह ताजेतवाने कसे? रिचर्ड बिन्झेल आणि सहकाऱ्यांनी २०१० साली मांडलं, की ते गेल्या काही लाख वर्षांत पृथ्वीच्या फार जवळून गेले असावेत. पृथ्वीच्या ओढीने दगड हादरतो, खडे घरंगळतात, खालचा ताजा थर वर येतो. नांगरट केल्यासारखं!

अपोफिस कितपत हलेल यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. ते बघायलाच बेन्नूची माती २०२३ साली पृथ्वीवर पोचवणारं नासाचं यान आता त्याच्या वाटेवर आहे.

असो. भीतीचे फॉरवर्ड वाचून मुलं घाबरण्याआधी त्यांना निघोजला न्या, खळगे दाखवा, आणि ही गोष्ट सांगा. दगड आपल्यावर येत नाहीये, आपणच त्याला हलवणार आहोत. पटतंय का?