शर्यतींतील सोबती

आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतींतील रस्ते रविवारीं ओस पडतात. उपासनेहून परततांना त्या रस्त्यांवर शाळकरी वयाचीं मुलें दुचाक्या भरधाव पिटाळतांना आम्हीं अनेकदां पाहिलीं आहेत. कडेला उभे असलेले त्यांचे सोबती टाळ्या वाजवून त्यांस चेतवीत असतात. ह्यासच तीं मुलें मैत्री म्हणतात! आम्हांस तसें म्हणवत नाहीं. मात्र शर्यत व मैत्री ह्यांचें वैरच आहे, असेंही आमचें मत नाहीं.

अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांतील तरुणांस जुन्या फोर्ड मोटारी स्वहस्तें सुधारून पळविण्याचा मोठा नाद होता. दोन मोटारींनीं शेजारीं शेजारीं उभें राहून सरळ पाव मैल, म्हणजे सुमारें ४०२ मीटर, धांवावयाचें, असा हा खेळ. तो भर रस्त्यांत होऊं लागला, तेव्हां लोकांस त्याचा उपद्रव झाला. वॉली पार्क्स ह्या गृहस्थांनीं नुसता निषेध केला नाहीं. १९५१ सालीं त्यांनीं संस्था स्थापिली, नियम घातले, आणि १९५३ सालीं पोमोना येथें संस्थेची पहिली अधिकृत शर्यत झाली. आपल्याकडेही लोणावळ्याजवळील ॲम्बी व्हॅलीच्या धांवपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत.

हौशी मंडळींची एक पद्धत आम्हांस विशेष आवडते. आपल्या मोटारीस किती वेळ लागेल, तें प्रत्येक जण आधीं जाहीर करतो. दोन जाहीर वेळांत जितका फरक असेल, तितके सेकंद मंद मोटारीस अगोदर सोडतात. मात्र जाहीर वेळेपेक्षां लवकर पोंचणारा सामान्यतः बाद ठरतो. त्यामुळें जुनी मोटारही नव्या मोटारीशीं बरोबरीनें झुंजते, आणि आपलें बळ लपविणाऱ्याचा डाव साधत नाहीं.

जुन्या मोटारीच्या धन्यास तर सोबत्यांवांचून गत्यंतरच नाहीं. कुर्ल्याच्या कारखान्यांत १९६४ पासून निघालेली फियाट, जी पुढें पद्मिनी म्हणून प्रसिद्ध झाली, तीच घ्या. तिचें उत्पादन बंद होऊन सुमारें दोन तपें लोटलीं. सुटा भाग हवा असल्यास दुसऱ्या पद्मिनीवाल्याचेंच दार ठोठवावें लागतें. ऐन वेळीं कार्बुरेटर बिघडला, तर खरा खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या मदतीस पाना घेऊन धांवतो. रिकाम्या पट्टीवर जिंकण्यांत त्यास गोडी नसते. आणि ब्रेक सैल दिसला, तर तोच बजावतो, "गड्या, आज गाडी काढूं नकोस." नीतिसूत्रांतील लोखंडाची उपमा आमच्या वाचकांस ठाऊक आहेच, तिचा अर्थ येथें प्रत्यक्ष दिसतो.

पालकांस एक विनंति. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयीन मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास वा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. पण भयापोटीं किल्ली लपविणें हा अर्धाच उपाय होय. मुलास यंत्राची आवड असेल, तर सुटींत एखाद्या ओळखीच्या मिस्त्रीकडे बसवून त्यास जुनें इंजिन उघडून पाहूं द्या. ज्यानें हात काळे करून ब्रेक बसविला, त्यास वेगाची किंमत कळते.

शेवटीं विद्यार्थिमित्रहो, आमचें सांगणें गाडी पिटाळणाऱ्यास नाहीं, कडेला उभ्या असलेल्यास आहे. त्याच्या कानांत वारा भरलेला असतो. आमचे शब्द त्यास ऐकूं जाणार नाहींत. तुमच्या टाळ्या मात्र त्यास ऐकूं येतात. त्या थांबवा, म्हणजे तोही थांबेल.