निरगाठ आणि सुरगाठ

भूतदया हा शब्द आपण पहिल्यांदा कुठे वाचला, हे कुणालाच सांगता येणार नाही, इतका तो आपल्या अंगवळणी पडला आहे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आणि तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात कावडीतले गंगाजल ओतणारे एकनाथ, हे दोन प्रसंग घातल्याशिवाय शाळेतला निबंध पुरा होत नसे. पण मित्रहो, या भूतदयेला एक साधा प्रश्न विचारून पाहा. घराला आग लागली, नदीचे पाणी उंबऱ्याशी आले किंवा इमारत तातडीने रिकामी करा असा हुकूम झाला, तर दाराशी बांधलेल्या मुक्या जिवाचे काय करायचे, हे आपल्यापैकी किती जणांनी आधी ठरवून ठेवले आहे? मला वाटते, फारच थोड्यांनी.

आपल्या भागात असे प्रसंग येत नाहीत, असे म्हणण्याची सोय नाही. निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले हे शहर. गल्ल्या अरुंद, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. फर्निचर बाजारात प्लायवूड, फोम आणि पॉलिशचा थिनर. आमच्यासारख्यांच्या घरात तर धागे कापायला आणलेल्या जीन्सचे ढीग छताला टेकलेले असतात. एक ठिणगी पुरे! मे २०२१ मध्ये याच शहरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. पाण्याची गोष्ट वेगळी नाही. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून येणारी वालधुनी एरवी नाल्यासारखी दिसते, पण २६ जुलै २००५ रोजी तिने काय रूप घेतले, हे काठावरचे लोक अजून सांगतात. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले, ते तर साऱ्या देशाने पाहिले.

त्याच पावसात आमच्या वस्तीतही पाणी शिरले. मी तेव्हा सातवीत होते. आजीच्या दोन शेळ्या होत्या. माणसांची सोय एका शाळेत केली होती, पण दारावरच्या गृहस्थांनी सांगितले, "माणसे आत घ्या, जनावर नको." आजी म्हणाली, "मग मीपण भाईरच बरी." रात्रभर ती शाळेच्या पडवीत, अंगावर प्लास्टिकचा कागद घेऊन शेळ्यांना धरून बसली. शेजारच्या तात्यांचा कुत्रा साखळीला कुलूप घालून बांधलेला राहिला होता. तात्या कमरेइतक्या पाण्यातून परत गेले, कुत्रा सोडवला, पण पत्र्याने पाय कापला आणि पुढे कितीतरी दिवस त्यांना कामावर जाता आले नाही. लोक त्यांना वेडा म्हणाले. मला आज वाटते, तात्या वेडे नव्हते. त्यांना परत जावे लागेल अशी आपली व्यवस्था होती, ती वेडी होती.

महाभारताच्या शेवटी स्वर्गाच्या दारात युधिष्ठिराला सांगितले जाते की, कुत्र्याला आत जागा नाही. तो म्हणतो, मग मलाही नको. ही गोष्ट आपण धर्माचा आदर्श म्हणून वर्गात शिकतो. मग शाळेच्या पडवीत बसलेल्या अडाणी म्हातारीला हट्टी का म्हणायचे?

"माणसे मरत असताना कुत्र्यामांजरांचे काय घेऊन बसलात?" हा आक्षेप मी वर्गातही ऐकला आहे. माणूस आधी, हे मलाही मान्य आहे. पण जनावराची सोय नसली की माणूसच हलत नाही, हा अनुभव आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडची कितीतरी माणसे गोठ्यातली गुरे सोडून बोटीत बसायला तयार नव्हती. आपल्याकडच्या २००५ च्या पुरानंतर महिनाभरातच अमेरिकेत कॅटरिना हे चक्रीवादळ आले. तिथेही अनेकांनी, पाळीव प्राणी बरोबर नेता येत नाहीत म्हणून, घर सोडण्याचे नाकारले. त्यातून धडा घेऊन २००६ मध्ये त्या देशाने कायदा केला, की आपत्तीत स्थलांतराच्या योजना आखताना पाळीव प्राण्यांचाही विचार झालाच पाहिजे. म्हणजे प्रश्न केवळ दयेचा नाही, माणसांचे प्राण वाचवण्याचाही आहे.

आणि गरिबाच्या घरी तो पोटाचाही आहे. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. अकरावीच्या प्रवेशाचे पैसे आजीने बोकड विकून दिले. आमची बँक दावणीला बांधलेली असते! आपत्तीत जनावर दगावले, तर २०२२ मध्ये सुधारलेल्या केंद्राच्या निकषांप्रमाणे दुभत्या गाई-म्हशीमागे ३७,५०० रुपये, शेळीमागे ४,००० रुपये आणि कोंबडीमागे १०० रुपये मदत आहे. चार हजारांत चांगली शेळी कुठल्या बाजारात मिळते, हे मला कुणी दाखवावे. कुत्र्यामांजराचे तर त्या यादीत नावच नाही. त्यांची किंमत पैशात होत नाही हे खरे, पण म्हणून ती शून्य आहे असे नव्हे.

मग करायचे काय? मोठ्या योजनांची वाट न पाहता घरात करता येण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट गाठीची. आपल्या भाषेत निरगाठ आणि सुरगाठ असे दोन शब्द आहेत. निरगाठ ओढली की आवळते, सुरगाठ टोक ओढताच सुटते. खुंट्याकडची गाठ सुरगाठ असावी. गळ्याभोवती मात्र आवळणारा फास नसावा. साखळीला कुलूप घालू नये. घालायचेच असेल तर किल्ली दाराजवळच्या खिळ्याला टांगावी आणि घरातल्या पोरासोरांनाही ती ठाऊक असावी. पूर येताना जनावर नेणे शक्यच नसेल, तर निदान मोकळे सोडावे. पोहणारा कुत्रा जगू शकतो, बांधलेला जगत नाही.

दुसरी गोष्ट धुराची. आगीत बहुतेक वेळा ज्वाळांच्या आधी धूर मारतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. ब्रिटनच्या कोळसा खाणींत हा वायू ओळखण्यासाठी १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी नेत असत, कारण माणसाच्या आधी तो पक्षी कोसळतो. म्हणून लव्हबर्ड्सचा पिंजरा स्वयंपाकाच्या ओट्याजवळ टांगू नये, दाराजवळ असावा. (पोपट पिंजऱ्यात ठेवणे तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे.) घाबरलेले मांजर बाहेर पळत नाही, खाटेखाली नाहीतर पेटीमागे दडते. त्याच्या लपायच्या जागा माहीत असाव्यात. भाजीची दोन प्लास्टिकची क्रेट एकमेकांवर उलटी बांधली की मांजर न्यायला चांगला पिंजरा होतो. घाबरलेले जनावर धन्यालाही चावते, म्हणून हात घालण्याआधी अंगावर जाड फडके टाकावे. रेबीजची लस वेळेवर दिलेली असावी आणि तिचा कागद घरच्या कागदपत्रांतच ठेवावा.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. एकदा बाहेर पडल्यावर जळत्या घरात परत जाऊ नये. १०१ वर फोन करावा आणि जवान आले की, कोणते जनावर कोणत्या खोलीत आहे ते सांगावे. परत जाण्याची पाळी येऊ नये, यासाठीच तर आधीची सारी तयारी.

नगरपालिका-महापालिकांकडे माझे मागणे फार मोठे नाही. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी बैठका होतात, नाले मोजले जातात, निवाऱ्याच्या शाळा ठरतात. त्या प्रत्येक शाळेत एक पडवी, चार खुंटे, एक पाण्याचा हौद आणि दारावर "जनावरे या बाजूला" अशी पाटी, एवढे केले तरी पुष्कळ होईल. माणसांच्या खोल्यांपासून ती जागा वेगळी ठेवली की स्वच्छतेची तक्रारही उरणार नाही.

आपल्या महाविद्यालयाला हे जमण्यासारखे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे होतात, आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. एखादे वर्ष वालधुनीकाठच्या वस्त्यांतून फिरून घरोघरी किती जनावरे आहेत, कोणती बांधलेली आहेत, कोणत्या घरी एकटी म्हातारी माणसे आहेत, याची यादी का करू नये? ती यादी मे अखेरीस अग्निशमन केंद्रात आणि पालिकेत नेऊन द्यावी. प्राध्यापकांनी मनावर घेतले, तर पन्नास मुलामुलींना चार रविवारांचे हे काम आहे.

भूतदया मनात असून भागत नाही, ती हाताला यावी लागते. नामदेवांच्या हातात निदान तुपाची वाटी होती. आपल्या हातात सध्या दोरीचे एक टोक आहे. ते ओढल्यावर गाठ सुटते की आवळते, एवढे प्रत्येकाने आज घरी जाऊन पाहावे.