निवड झाली, विमानं कुठं आहेत?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ निवृत्त झालं. निरोपाच्या सोहळ्यानं अनेकांचे डोळे पाणावले. मला संताप आला. १९६३ साली दाखल झालेलं विमान इतकी वर्षं उडवत ठेवावं लागलं, कारण त्याच्या जागी येणारी विमानं आपण वेळेत घेतली नाहीत. त्या दिवशी हवाई दलाकडे लढाऊ विमानांच्या २९ स्क्वाड्रन उरल्या. मंजूर संख्या ४२ आहे.

कोणतं विमान सरस, यावर वाहिन्यांवर रात्ररात्र वाद झडतात. हा वाद दुय्यम आहे. विमान पारखण्यात आपलं हवाई दल कमी पडलेलं नाही. २००७ मध्ये १२६ विमानांसाठी निविदा निघाली, सहा विमानं स्पर्धेत उतरली. वैमानिकांनी ती बंगळूरला, जैसलमेरच्या उन्हात आणि लेहच्या विरळ हवेत तपासली. २०११ मध्ये रफाल आणि युरोफायटर ही दोन निवडली. २०१२ मध्ये रफालची बोली कमी ठरली.

हवाई दलाचं काम झालं होतं. मग दिल्लीनं तीन वर्षं घालवली. १२६ पैकी १०८ विमानं सरकारी हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये (एचएएल) बांधायची होती. त्यांची हमी कोण देणार आणि ती बांधायला किती मनुष्यतास लागणार, यावर घोडं अडलं. निविदा काढण्याआधी सोडवायचे प्रश्न निवड झाल्यावर उकरले गेले. २०१५ मध्ये सगळी प्रक्रियाच गुंडाळली. २०१६ मध्ये ३६ विमानांचा करार झाला, म्हणजे जेमतेम दोन स्क्वाड्रन. उरलेल्या ९० विमानांची गरज काही नाहीशी झाली नव्हती. म्हणून २०१८ मध्ये ११४ विमानांसाठी जवळपास त्याच कंपन्यांकडून पुन्हा माहिती मागवली!

एका सरकारनं निर्णय लांबवला, दुसऱ्यानं तो तोडून छोटा केला. दोन्ही बाजूंनी रफालच्या किमतीवरून निवडणुकीचं रण पेटवलं. रिकाम्या स्क्वाड्रनबद्दल कुणी मत मागितलं नाही.

स्वदेशी विमान हवंच. पण स्वदेशीच्या घोषणेनं विमान उडत नाही. तेजसचा प्रकल्प १९८३ चा, पहिलं उड्डाण २००१ चं. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए ची मागणी नोंदवली, पहिलं विमान मार्च २०२४ पर्यंत यायचं होतं. मिग-२१ गेलं तेव्हा एकही आलेलं नव्हतं. अमेरिकी इंजिनं रखडली हे मोठं कारण. आपलं कावेरी इंजिन १९८९ मध्ये मंजूर झालं, तेजसमध्ये ते कधी बसलंच नाही. १९६१ मध्ये उडालेलं आपलं पहिलं स्वदेशी लढाऊ विमान मारुतही कमजोर इंजिनामुळेच मागे पडलं होतं. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यानं मिग बांधली, सुखोई बांधली, आता तेजस बांधतो आहे. तिथले कामगार कसबी आहेत. त्यांच्या हाती इंजिन वेळेवर न देणारे दिल्लीत बसतात.

या दिरंगाईची किंमत कुणी मोजली? २०१२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली. १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्युमुखी पडले. मुंबईच्या कविता गाडगीळ यांचा मुलगा, फ्लाइट लेफ्टनंट अभिजित, २००१ मध्ये असाच गेला. दोष त्याच्यावर आला आणि मुलाचं नाव निष्कलंक करण्यासाठी त्या आईला लढावं लागलं. वैमानिकाची चौकशी होते. फाईल अडवून ठेवणाऱ्याची झाल्याचं मी कधी ऐकलं नाही.

माझी मागणी सरळ आहे. प्रत्येक विमान खरेदीच्या प्रत्येक टप्प्याला मुदत ठरवा, ती पाळण्याची जबाबदारी नावानिशी एकावर टाका आणि मुदत टळली की त्याला संसदीय समितीपुढे उभं करा. इंजिनासाठी पैसा आणि पंधरा-वीस वर्षांचा संयम द्या, सरकार बदललं तरी तो मोडू नका. आणि मतदारांनो, तुमच्या खासदाराला विमान किती रुपयांना घेतलं एवढंच विचारू नका; ते कधी येणार, हेही विचारा.