हैवान आणि कविता

कविता ही रूहची गोष्ट, देहाचा तिथे काय संबंध, असे आमच्या व्यासपीठांवरून वारंवार ऐकवले जाते. एखाद्या भगिनीने कवितेत बाळंतपण, भूक किंवा वासना यांचा उच्चार केला की लगेच भुवया उंचावतात. 'हा हैवानीपणा साहित्यात नको' असा निवाडा होतो. आम्हाला हा निवाडा मान्य नाही.

हैवान या शब्दाची शिवी आपण केली. अरबीत हैवान म्हणजे जिवंत प्राणी. कुरआनात, सूरह अन्कबूतमध्ये (२९:६४), हाच शब्द आखिरतच्या खऱ्या जीवनासाठी आला आहे. अरबी तर्कशास्त्राने माणसाची व्याख्याच 'हैवान-ए-नातिक', म्हणजे बोलणारा प्राणी, अशी केली. आधी प्राणी, मग बोलणे. नफ्स म्हणजे जीव आणि नफस म्हणजे श्वास, हे शब्दही एकाच धातूचे. भाषेने जे जोडले ते तोडण्याचा अधिकार या मंडळींना कोणी दिला?

अरब लोक उंट हाकताना हुदा गात. पैगंबर साहेबांच्या (स.) प्रवासात अंजशा हा हुदा गाणारा होता. त्याच्या गाण्याने उंट वेग घेत, म्हणून स्वार स्त्रियांच्या काळजीने हुजूरांनी त्याला सबुरीने घ्यायला सांगितले, असे हदीसमध्ये आहे. त्याला गप्प बसवले नाही, हे आमच्या पहारेकऱ्यांनी लक्षात घ्यावे.

इतक्या लांबही जायला नको. आमच्या आया-आज्यांनी जात्यावर ओव्या गाइल्या. खुंटा ओढताना दम जिथे भरतो तिथे ओळ थांबते; ती लय हात, पाठ आणि छातीची आहे. बार्शीच्या शाहीर अमर शेखांना (१९१६-१९६९) लोकगीतांचा वारसा आई मुनेरबींकडूनच मिळाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदाने हलवणारा त्यांचा आवाज छातीतून येत होता, शब्दकोशातून नव्हे.

आणि आमची इबादत तरी कशाने होते? रोजा पोट धरते, सजद्यात कपाळ टेकते. दंगलीत जळतो तोही देहच. मग कवितेच्या दारातच त्याला का अडवता? देह वगळून सलोख्याच्या आणि अस्मितेच्या घोषणा तेवढ्या उरतात, आणि आमच्या अंकांत त्या पुष्कळ झाल्या. आमच्या भगिनींनी बेधडक लिहावे. संपादकांनी ते कात्री न लावता छापावे.