डब्याचे भक्त

या शनिवारी खरं तर दुसऱ्याच विषयावर लिहिणार होतो. पण गेल्या रविवारी सांताक्रूझ पूर्वेला, प्रभात कॉलनीत एका मित्राच्या मित्राकडे जाणं झालं आणि डोकं फिरलं. तेव्हा आधी हे.

त्या साहेबांचा छंद म्हणजे प्लॅस्टिकच्या मॉडेल कार किट्स जमवणं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डब्यात प्लॅस्टिकच्या चौकटी येतात, त्यांना गाडीचे सुटे भाग लटकलेले असतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की खऱ्या गाडीची २४ पट किंवा ३२ पट लहान प्रतिकृती तयार. साहेबांच्या काचेच्या कपाटात असे चाळीसेक डबे होते. बहुतेक १९६०-७० च्या दशकांतले, सगळे सीलबंद. जोडलेली गाडी? एकही नाही.

मी सहज विचारलं, "यातला एखादा उघडायचा विचार आहे का?" देव्हाऱ्यातला नारळ फोडून चटणी करू का असं विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मी म्हटलं, यातली तीन किट्स माझ्याकडे पण आहेत, अलीकडे परत निघालेली, रीइश्यू. त्यावर साहेब हसले आणि म्हणाले, "ती डुप्लिकेट हो. ओरिजिनलची सर नाही त्यांना."

तिथे गप्प बसून चहा प्यायलो, कारण पाहुणा होतो. इथे गप्प बसायचं कारण नाही.

सर्वात आधी 'डुप्लिकेट' या शब्दाबद्दल. प्लॅस्टिकची बादली कशी बनते हे वसईच्या कुठल्याही गाळ्यात जाऊन बघा. पोलादाचा साचा असतो, त्यात वितळलेलं प्लॅस्टिक दाबून भरतात, थंड झालं की साचा उघडतात. मॉडेल किट अगदी तसंच बनतं. यातलं खरं काम, खरा खर्च, खरी कला त्या साच्यात असते. साचेकाराने बोनेटवरची नखाएवढी रेघ कोरली ती पोलादात कोरली. १९६५ साली त्या साच्यातून निघालेलं किट आणि त्याच साच्यातून काल निघालेलं किट यात डुप्लिकेट कोण? आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर साचा म्हणजे सोर्स कोड आणि डबा म्हणजे सीडीचं कव्हर. कव्हर जुनं आहे म्हणून प्रोग्रॅम ओरिजिनल होत नाही.

आणि हे साचे काय एका जागी सुखाने नांदलेत? मूळ एअरफिक्स कंपनी १९८१ मध्ये बुडाली. साचे पॅलिटॉयकडे गेले, १९८६ मध्ये हंब्रोलकडे. २००६ मध्ये हंब्रोलही बुडाली आणि हॉर्नबीने ते घेतले. नंतरच्या काळात तर एअरफिक्सच्या कित्येक डब्यांवर 'मेड इन इंडिया' छापून आलं! अमेरिकेच्या एएमटीचं तेच. १९७८ मध्ये ती मॅचबॉक्सवाल्या लेस्नीकडे गेली, मग अर्टलकडे, पुढे राउंड टूकडे. कंपन्या आल्या-गेल्या, साचे राहिले. रीइश्यू म्हणजे त्या साच्याने अजून दम सोडलेला नाही याचा पुरावा. त्याला नावं कसली ठेवता?

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितो. साचा म्हातारा होतो हे खरंय. कडा झिजतात, दोन अर्ध्या भागांच्या फटीतून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा बाहेर येतो, तो ब्लेडने खरवडत बसावं लागतं. जुन्या छपाईत तो कमी असतो. काही साचे तर मूळ रूपात उरलेलेच नाहीत. १९५८ पासून एएमटी दरवर्षी त्या त्या वर्षीच्या अमेरिकन गाड्यांची किट्स काढायची. पुढच्या वर्षी गाडीचं नाक-शेपूट बदललं की पुष्कळदा तोच साचा कोरून बदलायचे. म्हणजे बॅकअप न घेता मास्टर फाइलमध्येच एडिट! अशा गाड्यांच्या बाबतीत जुनं किट हाच शेवटचा पुरावा, आणि ते जपणाऱ्याला माझा सलाम. पण पुढे काय झालं तेही बघा. अशा काही हरवलेल्या किट्सचे राउंड टूने जुनं किट समोर ठेवून नव्याने साचे बनवले. त्यासाठी कोणाला तरी आपला डबा उघडावाच लागला ना?

आता सीलबंद डब्यात नक्की काय असतं ते सांगतो, कारण मी फसलेलो आहे. काही वर्षांपूर्वी मी पण पगाराचा बरा हिस्सा घालून एक जुनं सीलबंद किट घेतलं होतं. कोणाकडून ते सोडा. घरी आणून प्लॅस्टिकचं वेष्टण फाडलं, तर एक टायर पुढच्या काचेत रुतून बसलेला. रुतलेला म्हणजे अक्षरशः वितळून. कारण सरळ आहे. जुन्या किट्समधले मऊ टायर व्हिनाइलचे. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घालतात ते वर्षानुवर्षं झिरपत राहतं, आणि शेजारी पॉलिस्टायरीनचा भाग असेल तर त्याला खातं. डब्यातल्या डब्यात, सील न तोडता. वर डिकल पिवळी पडतात आणि आपल्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात पुठ्ठ्याला बुरशी धरते. साहेबांच्या चाळीस डब्यांत आत्ता काय चाललंय हे त्यांना ठाऊक नाही. ठाऊक करून घ्यायचं तर उघडावं लागेल, आणि उघडलं की 'किंमत' जाणार. म्हणजे कधी न बघायच्या वस्तूची किंमत ती बघितली नाही म्हणूनच टिकून आहे. शेअर बाजारातसुद्धा कधीतरी बॅलन्स शीट बघतात हो!

पण माझा खरा राग या पैशाचा नाही. तो समजायला माझ्या मामाची गोष्ट सांगायला हवी.

मामा कलिनाला तळमजल्यावर राहायचा. एका विमान कंपनीत ग्राउंड इंजिनिअर. १९७५ पासून कामानिमित्त लंडनला जाणं झालं की एखादं किट घेऊन यायचा. अशी अकरा जमली. आम्हा भाचरांना ती फक्त दाखवायचा. "हात लावायचा नाही. रिटायर झाल्यावर निवांत जोडीन," हे ठरलेलं वाक्य. अकराच्या अकरा दिवाणाच्या पोटात.

२६ जुलै २००५. सांताक्रूझ वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला तो दिवस. मिठी नदी कलिनात घुसली आणि मामाच्या घरात छातीएवढं पाणी आलं. माणसं वरच्या मजल्यावर गेली म्हणून वाचली, बाकी सगळं गेलं. चार दिवसांनी मी चिखल काढायला गेलो तेव्हा दिवाणातले डबे म्हणजे नुसता लगदा झाला होता. ती देखणी चित्रं, ते कंपनीचे शिक्के, सगळं राखाडी. डिकल तर पाण्यात सुटावीत म्हणूनच बनवलेली असतात, ती सुटली.

आणि प्लॅस्टिक? आम्ही ते कपड्याच्या साबणाच्या पाण्यात धुतलं. पॉलिस्टायरीनला पाण्याने काय होणार? जसंच्या तसं. ज्याला भक्त लोक 'व्हॅल्यू' म्हणतात ते पाण्यात विरघळलं आणि जे किट होतं ते बादलीत शिल्लक राहिलं.

मामा पुढच्या वर्षी रिटायर झाला. तोवर त्याच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला होता. एक गाडी जोडायला घेतली, तासाभराने चिमटा खाली ठेवला आणि मला म्हणाला, "हे तू घेऊन जा रे." तीस वर्षं डबे टिकतील की नाही याची काळजी केली. हात टिकतील का हा हिशोब राहून गेला.

त्यातली एक जुनी ब्रिटिश मोटार मी जोडायला घेतली, तर स्टिअरिंग आणि पुढचे दोन दिवे पुरात वाहून गेलेले. पुढे तेच किट परत निघालं, ते मागवलं. नव्या डब्यातलं स्टिअरिंग कापून मामाच्या गाडीत लावलं. न घासता, न कापता, टक्क करून बसलं. डुप्लिकेट असतं तर बसलं असतं?

आणि रीइश्यूला हसायचं तर निदान मुंबईकराने तरी हसू नये. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी म्हणजे काय होती? फियाट ११०० डी! इटलीने ती १९६६ मध्ये बंद केली, आपण त्यानंतरही कित्येक वर्षं काढत राहिलो. अँबॅसडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड, २०१४ पर्यंत. आख्खा देश रीइश्यूमधून फिरला. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली तेव्हा गहिवरून फोटो टाकणाऱ्यांपैकी कोणी म्हटलं का, की ही ओरिजिनल इटालियन नव्हती? खेळण्यांतही तेच. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिंकी टॉईजचे जुने साचे कलकत्त्याला आले आणि त्यातून 'निकी टॉईज' निघाल्या, तळावरचं डिंकी नाव खोडून. आज त्याच निकीच्या गाड्या जगभरचे कलेक्टर शोधत फिरतात. म्हणजे रीइश्यू पुरेसा जुना झाला की भक्तांना तोही चालतो!

या डबाभक्तीचा तोटा होतो नवीन पोरांना. स्केल मॉडेल्स कस्टम्सच्या खात्यात खेळण्यांबरोबर, ९५०३ क्रमांकाखाली येतात. तिथली मूळ ड्यूटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. आधीच महाग, त्यात स्वस्त रीइश्यू घेणाऱ्याला 'डुप्लिकेट' म्हणून हिणवलं तर तो कशाला हातात कटर धरेल?

असो. मामाच्या गाडीत स्टिअरिंग गेल्यावर उरलेली रीइश्यू माझ्या पुतणीने जोडली. चाकं थोडी तिरकी लागलीत, गोंदाचे डाग पडलेत, स्टिअरिंग अर्थातच नाही. माझ्या टेबलावर दोन्ही गाड्या शेजारी उभ्या आहेत. साहेब, एकदा बघायला या. येताना चाळीसातला एक डबा घेऊन या. कोणताही. चहा माझा, कटर पण माझा.