आधी शाळा, मग घर

मुलुंड की ठाणे? घर घेताना अनेक कुटुंबं या प्रश्नापाशी अडतात. मधे फक्त चेकनाका. अलीकडे मुंबई महापालिका, पलीकडे ठाण्याची. दलाल कार्पेट एरिया, स्टॅम्प ड्युटी सगळं सांगतो. शाळेबद्दल मात्र ‘जवळच आहे’ एवढंच. ते ‘जवळ’ शाळा सुटायच्या वेळी स्वतः चालून पाहा. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या कोंडीत थोडंसं अंतरही पहिलीतल्या पोराला घामाघूम करतं. फाटकाशी उभ्या पालकांना विचारा: शिक्षक टिकतात का, मैदान आहे का, मराठी नीट शिकवतात का? २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांच्या प्रवेशातही घर-शाळेतलं अंतर पाहिलं जातं. एक खोली कमी मिळाली तरी चालेल. मूल चालत जाईल अशी चांगली शाळा आधी शोधा.