स्वस्तातला लॉकर आणि टिकणारा ॲक्सल

डिफरन्शियल लॉकरचे काम एकच: एका ॲक्सलवरची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरायला लावणे. साध्या, म्हणजे ओपन डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरण्याची मुभा असते. ती नसती तर डांबरी रस्त्यावर गाडी धड वळली नसती. पण ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना टॉर्क सारखाच देते, आणि चिखलात गाडी अडते ती इथेच. डावे चाक ओल्या लाल मातीवर शंभर न्यूटन-मीटरला घसरू लागले, तर उजव्या चाकाखाली कोरडा कातळ असूनही त्याच्या वाट्याला शंभरच येतात. चाक हवेत लटकले तर दोन्हीकडे जवळपास शून्य. फोर-व्हील लावली की प्रश्न मिटला, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात पुढचे एक आणि त्याच्या तिरक्या कोनातले मागचे एक अशी दोन चाके उचलली गेली, की लो रेंजमधली गाडीसुद्धा जागच्या जागी चाके फिरवत राहते. पावसाळ्यात खोल चर पडलेल्या घाटवाटांवर हे हटकून घडते.

लॉकर चाकांना एकत्र फिरवतो, जमिनीवरची पकड मात्र तो निर्माण करत नाही. गुळगुळीत झालेल्या टायरची दोन चाके एकत्र फिरली तर दोन्ही एकत्र घसरतात. म्हणून पैसे मोजके असतील तर खर्चाचा क्रम ठरलेला असावा: आधी चांगले टायर, मग हवा भरायचा पंप, मग गाडी ओढून काढण्यासाठी चेसिसला भक्कम हूक, आणि त्यानंतर लॉकर. तीस-बत्तीस पीएसआयची हवा पंधरा-अठरावर आणली की टायर जमिनीला जास्त लांबीने टेकतो आणि पुष्कळ ठिकाणी लॉकरची गरजच उरत नाही. यातल्या पहिल्या तीन गोष्टी नसताना लॉकर बसवणे ही उधळपट्टी आहे.

कोणत्या गाडीला लॉकर विकत घ्यावा लागतो, हेही आधी पाहायला हवे. फोर्स गुरखा पुढे-मागे दोन्ही ॲक्सलांना लॉक घेऊनच कारखान्यातून बाहेर पडते. महिंद्राच्या थारला २०१५ पासून काही प्रकारांत मागे ईटनचे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल मिळू लागले. स्कॉर्पिओ-एनच्या फोर-बाय-फोरमध्ये तेच तत्त्व आहे, तर थार रॉक्सच्या फोर-बाय-फोरला मागे विजेवर चालणारा लॉक आहे. मेकॅनिकल प्रकाराला बटण नसते. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे शंभर फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजने बाहेर फेकली जातात आणि ॲक्सल आपोआप लॉक होतो. ताशी तीस-बत्तीस किलोमीटरच्या वर तो लागत नाही. चाक फिरायला लागताच घाबरून पाय उचलणाऱ्या चालकाला हा लॉक कधी भेटतच नाही, आणि मग तो नवा लॉकर शोधत बाजारात फिरतो. अशा गाडीत किंचित जास्त रेस धरून चाकाला क्षणभर फिरू देणे, एवढे शिकले तरी पुरते. जिम्नीमध्ये घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून टॉर्क दुसऱ्या चाकाकडे वळवण्याची सोय आहे. ती खऱ्या लॉकची बरोबरी करत नाही, तरी हौशी वापराला बहुतेक वेळा पुरेशी ठरते.

राहतात त्या जुन्या गाड्या: १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी, महिंद्राच्या जुन्या जीपा, सुरुवातीच्या थार. गोव्यातल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांच्या चिखलापासून गावाकडच्या शेतरस्त्यांपर्यंत या गाड्या अजून राबतात, आणि स्वस्त लॉकरचा प्रश्न खरा त्यांच्याच मालकांचा आहे.

सर्वांत स्वस्त उपाय वेल्डिंगचा. स्पायडर गिअर आणि साइड गिअर एकमेकांना वेल्ड केले की लॉक कायमचा लागतो. खर्च वेल्डरच्या मजुरीइतका. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला हा उपाय कधीही करू नये. प्रत्येक वळणावर आतले चाक फरफटते, टायर झिजतात, शाफ्ट सतत पिळले जातात, आणि ओल्या रस्त्यावर मागची बाजू सरळ बाहेर फेकली जाते. शिवाय वेल्ड तडकला की त्याचे तुकडे क्राऊन-पिनियनच्या दातांत जातात आणि दोन हजार रुपये वाचवायला गेलेला माणूस अख्खे डिफरन्शियल गमावतो. गिअरऐवजी एकसंध ठोकळा बसवणारा स्पूल वेल्डपेक्षा भरवशाचा असतो, पण त्याची जागा स्पर्धेच्या गाडीत, ट्रेलरवरून नेल्या जाणाऱ्या गाडीत.

दुसऱ्या टोकाला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. क्लच-प्लेटचे असो वा ट्रूट्रॅक आणि टॉर्सेनसारखे तिरक्या दातांच्या गिअरचे, रस्त्यावर ते सर्वांत सौम्य वागते. तिरक्या दातांचा प्रकार कमी पकडीच्या चाकावरच्या टॉर्कच्या अडीच-तीनपट टॉर्क दुसऱ्या चाकाला देऊ शकतो. मात्र चाक हवेत गेले की शून्याची तिप्पट शून्यच. अशा वेळी ब्रेक हलका दाबून त्या चाकावर खोटा भार आणता येतो, पण लॉकरच्या किमतीत एवढेच मिळत असेल तर जुन्या जीपच्या मालकाने त्याच्या मागे लागू नये.

या दोन टोकांच्या मध्ये खरा स्वस्त पर्याय आहे तो लंचबॉक्स लॉकर या नावाने ओळखला जाणारा. लॉक-राइट, ऑसी लॉकर, स्पार्टन ही त्यातली परिचित नावे. अमेरिकेत एका ॲक्सलचा संच साधारण तीन-चारशे डॉलरला मिळतो. वाहतूक आणि कस्टम्स धरले तर भारतात तो बराच महाग पडतो, तरी हवेवर चालणाऱ्या लॉकरपेक्षा पुष्कळ कमी. याची रचना साधी आहे. मूळ कॅरिअर, म्हणजे डिफरन्शियलचे गिअर धरणारा सांगाडा, तसाच राहतो; आतले स्पायडर आणि साइड गिअर निघतात आणि त्यांच्या जागी दातेरी चकत्यांच्या दोन जोड्या बसतात. इंजिनाचा जोर क्रॉस पिनमार्फत आतल्या चकत्यांच्या उतरत्या खाचांवर येतो, त्या बाहेरच्या बाजूला रेटल्या जातात आणि बाहेरच्या चकत्यांत घट्ट अडकतात. दोन्ही चाके एक होतात. वळणावर बाहेरचे चाक पुढे पळू लागले की त्याच्या बाजूचे दात एकमेकांवरून कट-कट करत सरकतात. नियम एकच: जोर लागलेला असताना चाकाला कॅरिअरपेक्षा जास्त वेगाने फिरता येते, कमी वेगाने कधीच नाही. म्हणून वळणावर रेस दिली तर जोर फक्त आतल्या चाकातून जातो, आणि जास्त दिली तर दोन्ही चाके लॉक होऊन गाडी सरळ जायला बघते.

किंमत कमी आहे त्यापेक्षाही मोठा फायदा मजुरीत. पूर्ण कॅरिअर बदलणाऱ्या लॉकरला क्राऊन-पिनियनची जुळणी पहिल्यापासून करावी लागते: बेअरिंगखालच्या शिम, ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या घरातला बॅकलॅश, दातांवर रंग लावून घेतलेला ठसा. हे काम नीट करणारे मिस्त्री थोडे आहेत, आणि चुकलेल्या जुळणीचे डिफरन्शियल आधी घोंगावते, मग दात खाते. लंचबॉक्समध्ये ही जुळणी मुळातून मोडावी लागत नाही. जिप्सीत अख्खे डिफरन्शियल हौसिंगमधून बाहेर काढता येते, त्यामुळे काम टेबलावर, उजेडात होते. कॅरिअर सोडवावा लागलाच तर बेअरिंगच्या कॅपवर आणि नटांवर आधी पंचाने खुणा कराव्यात आणि सगळे त्याच खुणांवर परत बसवावे.

मर्यादाही स्पष्ट आहेत. हा लॉकर जुन्या कॅरिअरइतकाच मजबूत. क्रॉस पिन झिजलेला असेल, कॅरिअरच्या भोकांना अंडाकार आला असेल, तर नवे चकचकीत दात त्या ढिलाईत लवकर तुटतात. मागवण्याआधी शाफ्टच्या स्प्लाइन, म्हणजे टोकावरचे उभे दाते, मोजणे सक्तीचे समजावे. जिप्सी ज्या एसजे मालिकेतली, तिच्याच गाड्या अमेरिकेत सामुराई नावाने विकल्या गेल्या आणि त्यांच्यासाठी लॉकर बनतात. पण एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांत, कधी पुढच्या आणि मागच्या ॲक्सलातही स्प्लाइनची संख्या बदलते. विक्रेत्याच्या यादीवर विसंबण्यापेक्षा शाफ्ट बाहेर काढून मोजलेला आकडा खरा.

संपूर्ण कॅरिअरसह येणारा डेट्रॉइट लॉकर याच स्वयंचलित तत्त्वावर चालतो आणि कितीतरी दणकट असतो. मोठे टायर, जड गाडी, मोठे डिझेल इंजिन असेल तर तोच घ्यावा. सुमारे एक टनाच्या जिप्सीला त्याची गरज क्वचितच पडते.

हवे तेव्हा लावता-काढता येणारे लॉकर वापरायला सर्वांत चांगले, यात वाद नाही. ऑस्ट्रेलियाच्या एआरबीचा एअर लॉकर आणि ईटनचा विजेवर चालणारा ई-लॉकर ही त्यांतली प्रस्थापित नावे. बंद असताना गाडी मूळ गाडीसारखी चालते. एअर लॉकरची किंमत परदेशातच हजार डॉलरच्या आसपास किंवा वर जाते, कॉम्प्रेसर वेगळा, जुळणीची मजुरी वेगळी. मात्र कॉम्प्रेसर टायरमध्येही हवा भरतो, म्हणून तो पूर्ण खर्च लॉकरच्या खात्यावर टाकणे बरोबर नाही. या लॉकरच्या स्वस्त नकलाही बाजारात आहेत, आणि त्यांबद्दल सावधच राहावे. एअर लॉकरचे आयुष्य रबरी ओ-रिंग आणि सीलवर असते. ती फाटली की हवा तेलात शिरते, तेल हवेच्या नळीतून वर येते आणि लॉक ऐन चढणीवर सुटतो. ज्या नकलेची ओ-रिंग सुटी मिळत नाही ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

आणखी एक रास्त वाट जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून जाते. आपल्यासारखाच ॲक्सल असलेल्या गाडीच्या महागड्या प्रकाराला कंपनीने लॉक दिला असेल, तर अपघातग्रस्त गाडीतले ते पूर्ण डिफरन्शियल कुर्ल्यात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात चौकशी करून शोधता येते. इथे क्राऊन-पिनियनचे दात मोजून गुणोत्तर ताडून पाहायलाच हवे. पुढचे आणि मागचे गुणोत्तर जुळले नाही तर फोर-व्हील लावताच दोन्ही ॲक्सल एकमेकांविरुद्ध ओढू लागतात आणि ट्रान्सफर केस फुटते.

पैसे एकाच लॉकरपुरते असतील तर तो पुढे बसवावा की मागे, हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. चढणीवर वजन मागे सरकते, म्हणून लॉकरचा सर्वाधिक उपयोग मागच्या ॲक्सलात होतो. पण स्वयंचलित लॉकर मागे बसवला की तो रोजच्या रस्त्यावरही सोबत असतो. आखूड चेसिसच्या हलक्या गाडीत तो जास्त जाणवतो: गिअर बदलताना धक्का, रेस सोडताच गाडीचे किंचित बाजूला सरकणे, पावसातल्या वळणावर मागचे दोन्ही टायर एकदम सुटण्याची शक्यता. आडव्या उतारावरही लॉक झालेला मागचा ॲक्सल दोन्ही पाय एकदम सोडतो आणि गाडी खाली घसरू लागते. पुढच्या ॲक्सलाला फ्री-व्हील हब असतील तर गणित उलटते. हब मोकळे ठेवले की पुढचा लॉकर रस्त्यावर असून नसल्यासारखा. हब लावून फोर-व्हील घातली की मगच तो कामाला येतो, त्या वेळी स्टिअरिंग मात्र जड होते आणि गाडी वळायला नाखूश असते. म्हणून रोज ऑफिसला किंवा बाजारात नेली जाणारी जिप्सी असेल तर हबसह पुढे लंचबॉक्स, आणि फक्त सुट्टीच्या दिवशी निघणारी गाडी असेल तर मागे, हा निवाडा बहुतेकांना योग्य ठरेल. घरात एकाहून अधिक माणसे गाडी चालवत असतील तर मागचा स्वयंचलित लॉकर टाळणेच बरे. एबीएस आणि ईएसपी असलेल्या नव्या गाड्यांतही तो नको: ही यंत्रणा चाकांच्या वेगांची तुलना करून निर्णय घेते आणि लॉकर त्या वेगांमध्ये ढवळाढवळ करतो.

लॉकरने वाढणारा भार कुठेतरी जातोच. जिप्सीच्या १.३ लिटर इंजिनाचा टॉर्क १०३ न्यूटन-मीटर आहे. पहिला गिअर, लो रेंज आणि क्राऊन-पिनियन मिळून तो जवळपास तीसपट होतो, म्हणजे तीन हजारांच्या आसपास. फोर-व्हीलमध्ये तो दोन ॲक्सलांत वाटला जातो. ओपन डिफरन्शियलमध्ये एका शाफ्टवर ॲक्सलाच्या वाट्याचा निम्माच येतो. लॉक झाल्यावर पकड असलेल्या एकाच चाकाच्या शाफ्टवर सगळा येऊ शकतो. टायर मोठे केले तर हा भार आणखी वाढतो. पुढच्या ॲक्सलात स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना रेस दिली की सीव्ही जॉइंट सर्वांत आधी तुटतो. लॉकरच्या अंदाजपत्रकात एक जादा शाफ्ट आणि पुढे लॉकर असेल तर एक जादा जॉइंट धरलेला असावा.

बसवल्यावर रस्त्यावर नेण्याआधी तपासणी सोपी आहे. ॲक्सल उचलून दोन्ही चाके हवेत घ्यावीत, गाडी स्टँडवर नीट टेकवावी, इंजिन बंद ठेवून गिअर टाकावा. लॉकर पुढे असेल तर फोर-व्हील आणि हबही लावावेत. एक चाक हाताने पुढे फिरवून ते अडेल तिथे मदतनीसाने धरून ठेवावे आणि दुसरे चाक उलट दिशेला फिरवावे. ते कट-कट आवाज करत मोकळे फिरले पाहिजे. मग दिशा उलटवून पुन्हा, आणि चाकांची अदलाबदल करून पुन्हा. कोणत्याही एका बाजूला ते अडले तर स्प्रिंग किंवा पिन चुकीची बसली आहे. तसेच चालवून बघू नये, उघडावे. तेल साधे जीएल-५ दर्जाचे नव्वद नंबरचे चालते. क्लच-प्लेटच्या लिमिटेड स्लिपसाठी लागणारे फ्रिक्शन मॉडिफायर दातेरी लॉकरमध्ये घालायचे नसते. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर तेल काढून चुंबकाने तपासावे. बारीक राखाडी चुरा आला तर तो नव्या दातांचा. नखाला जाणवतील असे तुकडे आले तर हौसिंग पुन्हा उघडावे.